गेम खेळताना पीसी बंद पडू लालाय? डिस्कला शिव्या द्यायच्या आधीची तयारी

बॅकअप घ्या, हे सांगायची गरज नाही. फक्त सी वरून डी वर कॉपी मारून बॅकअप झाला म्हणू नका, बहुतेक घरच्या पीसीत दोन्ही एकाच डिस्कचे तुकडे असतात, गेली तर दोन्ही जाणार. आन् डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर इथंच थांबा, मशीन बंद करा, आतला डेटा पाहिजे असेल तर रिकव्हरीवाल्याकडं न्या, घरी प्रयोग नको.

आता मुद्द्याचं. क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. वर निळ्या रंगात 'गुड' दिसलं म्हणून लगेच गेम चालू करू नका, खालचा तक्ता बघा. ०५ म्हणजे डिस्कनं खराब जागा सोडून दुसरी वापरायला घेतली, सी५ म्हणजे वाचता येईना म्हणून अडकून पडलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी६ म्हणजे दुरुस्तच होईनात असे, आन् सी७ म्हणजे डिस्क आन् मदरबोर्डच्या मधी, बहुतेक वेळा केबलमधी झालेला घोळ. आकडे हेक्समधी, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशोबानं असतात, १० दिसलं तर ते १६ समजा, नाहीतर सेटिंगमधून साधे करून घ्या. सीगेटच्या डिस्कवर ०१ आन् ०७ समोर अवाढव्य आकडे दिसतात, त्याला घाबरू नका.

आणि या तक्त्याचा फोटो काढा. मोबाईलनं. काहीही हलवायच्या, उघडायच्या, बदलायच्या आधी. मी मागच्या वेळी हेच केलं नाही, केबल बदलली, सी७ समोर आकडा दिसला, आता हा जुना का नवा ते कळायला मार्गच नाही, कारण सी७ चा आकडा केबल बदलली तरी परत शून्य होत नाही, तो वाढतोय का एवढंच बघायचं असतं. शेवटी वैतागून नवी डिस्क आणली, पैसे गेले. म्हणून फोटो. स्क्रीनशॉट नको, तो त्याच मरू लालेल्या डिस्कवर जाऊन बसतो.

पीसी कसा बंद पडतो ते नीट बघा. झटकन अंधार, निळा स्क्रीन नाही, लगेच रिस्टार्ट, तर आधी पॉवर सप्लाय आन् गरमीवर संशय घ्या. आपल्याकडं मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर जातो, त्यात बंद खोलीत टेबलाखाली धुळीनं भरलेला कॅबिनेट, ग्राफिक कार्डानं गेममधी सगळा जोर लावला की काय होणार? डिस्कचा घोळ असला तर बहुतेक वेळा आधी अडकतं, नवा मॅप लोड होताना चित्र थांबतं, आवाज तिथंच घुमत राहतो, टास्क मॅनेजरमधी डिस्क १०० टक्के, आन् मग कधी कधी निळ्या स्क्रीनवर 'कर्नल डेटा इनपेज एरर'. इव्हेंट व्ह्यूअरमधी (विंडोजची घडामोडींची नोंदवही) सिस्टमखाली डिस्कच्या नावानं ७ किंवा १५३ नंबर दिसतात का बघा, वेळ क्रॅशच्या वेळेशी जुळवा. ४१ नंबर दिसला म्हणून उड्या मारू नका, तो फक्त मशीन नीट बंद झालं नाही एवढंच सांगतो, कारण सांगत नाही.

फोटो काढला ना? मग केबल. साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी, दोन्हीकडून काढून घट्ट बसवा, जमलं तर नवीच लावा, स्वस्त असते, मदरबोर्डवरचं पोर्टपण बदला. एम डॉट टू वाल्या एनव्हीएमई डिस्कला (थेट मदरबोर्डवर बसणारी चपटी पट्टी) ही केबलच नसते आन् तक्तापण वेगळा असतो, तिथं 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' समोर शून्य आहे का बघा.

मग तासभर तोच गेम खेळा आन् परत फोटो काढा, पहिल्याशी लावून बघा. सी७ वाढला तर केबल-पोर्टचं लफडं अजून आहे. तो जिथल्या तिथं, पण सी५ वाढू लालाय, तर डिस्क चालली.

चेकडिस्क स्लॅश आर, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची कमांड, बॅकअपच्या आधी अजिबात नको, ते सगळी डिस्क घासून वाचतं, अर्धमेली असली तर पुरती मरते. मोठ्या डिस्कला कैक तास लागतात, मधीच लाईट गेली तर गोंधळ, इन्व्हर्टर नसेल तर रात्री लावू नका.

दुसरी डिस्क असेल तर गेम तिच्यावर हलवून बघा. रॅम तपासायला मेमटेस्ट८६ नावाचं सॉफ्टवेअर, रात्रभर चालू ठेवा. ग्राफिक ड्रायव्हर वगैरे तुम्ही केलंच असंल.

वॉरंटी असेल तर बिल शोधा, सिरियल नंबर तपासा, बदलून आलेल्या डिस्कवर तुमचा डेटा नसतो. आन् नवी बसवली की गेम टाकायच्या आधी तिच्यापण तक्त्याचा फोटो.