गेममधली गोष्ट वाचायची कशी?

मी शाळेत मराठी शिकवते. गेमचा नाद भाच्यामुळे लागला. गोष्ट म्हणून गेम पुस्तकाशी, सिनेमाशी ताडून बघायचा असेल तर शंभर तासांचा गेम घेऊन बसू नका. मी बसले होते. घोड्यावरून डोंगर पालथे घालण्यात दिवाळीची सुट्टी गेली, आणि गोष्ट काय होती म्हणाल तर आठवत नाही.

लुकास पोप या गेम बनवणाऱ्याचा २०१३ चा ‘पेपर्स, प्लीज’ घ्या. साध्या लॅपटॉपवर चालतो. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या नाक्यावर तुम्ही कारकून. खिडकीतून पासपोर्ट येतो, तारीख-फोटो ताडायचा, हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. पगार माणशी ५ क्रेडिट (गेममधलं चलन), त्यात भाडं, जेवण, घराची ऊब. रोजच्या पहिल्या २ चुकांना नुसती समज, तिसरीपासून दंड.

काही दिवसांनी एक नवरा येतो, कागद चोख. मागून बायको येतेय, म्हणतो. तिच्याकडे प्रवेश-परवाना नसतो. परत गेले तर मारतील, म्हणते.

शिक्का मारा, दिवस संपू द्या, मग वही उघडा. प्रसंग आधी कथेसारखा लिहा, नंतर सिनेमासारखा: फक्त दिसेल, ऐकू येईल तेवढंच. माझ्या कथेत चार ओळींत कारकुनाचं अख्खं बालपण आलं. ते पुस्तकालाच जमतं. सिनेमाला दोन शॉट पुरले: तिचा चेहरा, आणि पुढे जाऊन वळून बघणारा नवरा. पण दोन्हीकडे कारकून भला निघाला. मी मात्र लाल शिक्का मारला होता! २ चुका आधीच झालेल्या, घरी मुलगा आजारी, औषधाला पैसे हवेत. खट्.

म्हणून वहीत तिसरा रकाना आखा: ‘हात’. मी काय केलं, दुसरं काही करता आलं असतं का, भुर्दंड कुणाला. पुष्कळ नावाजलेल्या गेमांत हा रकाना कोराच राहतो. मधे मारामारी, मग पाच मिनिटं सिनेमा. त्याला खुशाल सिनेमाचेच मार्क द्या.

वही दुसऱ्या खेळणाऱ्याला जरूर दाखवा. भाच्याने वाचली.

“मावशी, तू तिला हाकललंस?”

त्याने आत घेतलं होतं. त्या दिवशी त्याची एकही चूक नव्हती, समजेवर सुटला. गेममध्ये जुन्या दिवसापासून पुन्हा सुरू करता येतं. मी त्या दिवसाच्या सकाळी परत गेले.