आपली मेडिकल फाईल हॉस्पिटलकडून कशी मागायची

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाईल नव्हे. घरी जाताना ते दोन-तीन पानी कार्ड हातात देतात, त्यात काय झालं आणि पुढे कोणत्या गोळ्या एवढंच असतं. खरी फाईल म्हणजे इनडोअर केस पेपर. डॉक्टरांनी राउंडला येऊन रोज काय लिहिलं, सिस्टरनी किती वाजता कोणतं इंजेक्शन दिलं, बीपी-तापाचे चार्ट, भुलीची नोंद, ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं, तुमच्या सह्यांची संमतीपत्रं, हे सगळं त्यात असतं.

हे मला आईच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी कळलं. भूलतज्ज्ञांनी विचारलं, मागच्या वेळी भूल कुठली दिली होती, घशात नळी घालताना त्रास झाला होता का, आणि आमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड, त्यात यातलं काहीच नाही. जुन्या हॉस्पिटलमध्ये गेलो तर फाईल गोडाऊनमध्ये, ती शोधून काढायलाच पाच दिवस गेले आणि ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. म्हणून सांगते, गरज पडेल तेव्हा बघू असं करू नका, डिस्चार्जच्या दिवशीच अर्ज द्या.

अर्ज साधाच असतो. पेशंटचं नाव, आयपी नंबर (म्हणजे भरतीचा नंबर, तो डिस्चार्ज कार्डावर बघा), भरती आणि डिस्चार्जची तारीख, आणि काय काय पाहिजे ते नावानिशी. नुसतं "सर्व कागदपत्रे" लिहिलंत की परत डिस्चार्ज कार्डाचीच झेरॉक्स मिळते, म्हणून इनडोअर केस पेपर, ऑपरेशन नोट्स, भुलीची नोंद, औषधांचा चार्ट असं एकेक लिहा. मोठ्या हॉस्पिटलात रेकॉर्ड विभाग असतो, तिथले लोक त्याला एमआरडी म्हणतात, छोट्या ठिकाणी सरळ डॉक्टरांकडेच द्या. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर तारीख, सही, शिक्का घ्या, कारण पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध करता येत नाही. दुसऱ्या कुणासाठी मागत असाल तर त्यांच्या सहीचं अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं सोबत न्या.

मुदत म्हणाल तर भारतात २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असं आहे. त्याच नियमांत भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायला सांगितलंय, त्यामुळे जुनं काही हवं असेल तर उशीर नको. अमेरिकेत साधारण ३० दिवस, युरोपात एक महिना. "फाईल हॉस्पिटलची आहे, गोपनीय असते" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की मूळ फाईल तुमच्याकडेच राहू दे, मला प्रत पाहिजे. पेशंटचीच माहिती पेशंटपासून गोपनीय कशी असेल? मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच गुप्ततेचं हे कारण मान्य केलं नव्हतं.

डॉक्टरांना राग येईल म्हणून खूप जण मागतच नाहीत, त्यांच्यासाठी एक सांगते. अमेरिकेत २०१० मध्ये शंभरावर डॉक्टरांनी आपल्या नोट्स पेशंटना ऑनलाईन वाचायला खुल्या केल्या होत्या. वर्षभराने त्यातल्या एकाही डॉक्टरने ते बंद करा म्हटलं नाही.

आता ज्या वस्तू हमखास राहतात त्या. एमआरआय, सीटीची नुसती फिल्म आणि रिपोर्ट घेऊ नका, सीडी किंवा पेनड्राईव्हवर डायकॉम फाईल, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल फाईल मागा, दुसऱ्या डॉक्टरला मूळ स्कॅन स्वतः फिरवून बघता येतो. बायोप्सी झाली असेल तर लॅबकडे काढलेल्या तुकड्याच्या स्लाइड आणि तो जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक असतात, सेकंड ओपिनियनला ते लागतात. स्टेंट, सांधा, डोळ्याची लेन्स काही बसवलं असेल तर त्याच्या पाकिटावरचा नंबराचा स्टिकर फाईलमध्ये चिकटवलेला असतो, त्या पानाचा स्पष्ट फोटो काढून घ्या. आणि ईसीजीची पट्टी! ती बऱ्याचदा थर्मल कागदावर असते, काही वर्षांत पार पुसट होते आणि टिकावी म्हणून लॅमिनेट करायला गेलात तर उष्णतेने काळी पडते. घरी आल्याबरोबर झेरॉक्स काढा.

फाईल मिळाली की तशीच कपाटात टाकू नका, एकदा बसून वाचा. नाव, वय, डावा की उजवा पाय, कुठल्या औषधाची ॲलर्जी, एवढं तरी तपासाच. आईच्या फाईलमध्ये ॲलर्जीच्या रकान्यात "नाही" लिहिलेलं होतं, आणि तिला पेनिसिलीनने अंगभर पुरळ येते. अशी चूक सापडली तर लेखी कळवा. जुनी नोंद कुणी खोडत नाही आणि खोडूही नये, डॉक्टर खाली तारीख घालून दुरुस्तीची नवी नोंद करतात, तिचीही प्रत मागून घ्या.