एकच गोल काळा करून घरी येऊ नका

मिशिगनमध्ये नव्याने नागरिक झालेल्यांसाठी हे लिहितोय. अजून ग्रीन कार्डावर असाल तर एवढाच परिच्छेद वाचा. लायसन्सच्या काउंटरवर मतदार नोंदणीचं निघालं तर स्वच्छ ‘नाही’ म्हणा. टपालाने नोंदणीचा फॉर्म आला तर सरळ कचऱ्यात. नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंत का’ असा थेट प्रश्न असतो. ‘चुकून झालं’ म्हणून तो सुटत नाही.

आता शपथ झालेल्यांसाठी. आपल्याकडे बटण दाबलं, बोटाला शाई लागली की संपलं. इथे राष्ट्राध्यक्षापासून टाउनशिपच्या (आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था) खजिनदारापर्यंत आणि विद्यापीठांच्या विश्वस्तांपासून न्यायाधीशांपर्यंत सगळे एकाच कागदावर. सुरुवातीलाच ‘स्ट्रेट पार्टी तिकीट’ दिसेल. पक्षापुढचा एक गोल काळा केला की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत. साखर कारखान्याच्या निवडणुकीत अख्खं पॅनेल देतात ना, तसंच. मध्येच एखाद्या पदाला दुसऱ्या पक्षाचा माणूस हवा असेल तर त्याचाही गोल भरा, तेवढं मत त्याला जातं. जिथे एका पदाच्या दोन जागा असतील तिथे मात्र दोन्ही नावांपुढचे गोल स्वतः भरा, पक्षाच्या गोलावर विसंबू नका.

आणि कागद उलटा करा. पुन्हा सांगतो, कागद उलटा करा. २०१२ मध्ये मी एक गोल भरून पाच मिनिटांत बाहेर आलो आणि ऑफिसात फुशारकी मारली. त्या वर्षी राज्याचे सहा प्रपोझल्स (थेट लोकांच्या मताला टाकलेले प्रस्ताव) होते, शिवाय न्यायाधीश आणि शाळेचं बोर्ड. यातलं काहीही पक्षाच्या गोलात येत नाही. माझ्याकडून सगळं कोरं गेलं. पुढच्या वर्षी शाळेच्या बसचा थांबा हलवला, तेव्हा मी बोर्डाच्या मीटिंगमध्ये तावातावाने बोललो. शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, “तुम्ही बोर्डावर कुणाला निवडलं होतंत?” मला त्यातलं एक नावही सांगता येईना.

न्यायाधीशांचं आणखी एक. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे उमेदवार पक्षांच्या अधिवेशनात ठरतात, पण बॅलटवर नावापुढे पक्ष नसतो. घरूनच चिठ्ठी करून न्या. आपल्या ग्रुपवर आयत्या याद्या फिरतात, त्या बनवणाऱ्याने तरी मागची बाजू वाचली होती का, हे आधी विचारा.

पक्षाचा हा गोल काढून टाकण्याचा खटाटोप जुना आहे. विधिमंडळाने केलेले तसे कायदे लोकांनी १९६४ आणि २००२ मध्ये सार्वमतात पाडले. मग २०१५ च्या विधेयकाला पन्नास लाख डॉलरची तरतूद चिकटवली, कारण पैशाची तरतूद असलेल्या कायद्यावर इथे सार्वमत मागता येत नाही. (असली डोकी फक्त मंत्रालयातच असतात असं मला वाटायचं.) गव्हर्नर स्नायडर यांनी जानेवारी २०१६ मध्ये सही केली. ‘पक्ष नको, माणूस बघा’ असं समर्थकांचं म्हणणं. विरोधक म्हणत, शहरांतल्या रांगा लांबतील आणि कृष्णवर्णीय मतदारांना त्याचा फटका बसेल. फेडरल न्यायाधीशांना ते पटलं आणि कायदा थांबला. २०१८ मध्ये वरच्या कोर्टाने तो लागू होऊ दिला. म्हणून त्या नोव्हेंबरच्या बॅलटवर तो गोल नव्हता, आणि त्याच बॅलटवर लोकांनी प्रपोझल ३ मंजूर करून तो थेट राज्यघटनेत बसवला. आता नुसत्या कायद्याने तो हलत नाही. टेक्सासहून येणाऱ्यांना याचं अप्रूप वाटेल, तिथे तो २०२० पासून बंद आहे.

माझं विचाराल तर गोल राहावा. गुडघे दुखणाऱ्याला रांगेत तेवढाच आधार. आळशाला मात्र तो फार सोयीचा आहे, आणि आपल्यात आळशी कमी नाहीत.

ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवण्याच्या निवडणुकीत, हा गोल नसतो. तिथे उलट एकाच पक्षाच्या रकान्यात राहावं लागतं. २०१८ ला श्री ठाणेदार डेमोक्रॅटिक बाजूने गव्हर्नरपदासाठी उभे होते. बेळगावकडचा मराठी माणूस म्हणून सगळे खूश. ओळखीतल्या एका काकांनी त्यांना मत दिलं आणि बाकीच्या पदांना नेहमीचे रिपब्लिकन. असं केलं की पक्षांचा अख्खा भाग बाद होतो. केंद्रावर मशीन तो कागद दाखवून परत देतं, नवा मागता येतो. काकांनी मात्र टपालाने पाठवला होता.