प्लग-इन हायब्रिड घ्यायच्या आधी विजेचं बिल काढा

प्लग-इन हायब्रिड घेऊ का, असं कुणी विचारलं की मी आधी त्यांचं विजेचं बिल मागते. गाडीचा रंग, सनरूफ, ॲपल कारप्ले हे सगळं नंतर. न्यू जर्सीत राहून नोकरीभर हिशेबच तपासत आले, त्यामुळे सवय जात नाही. आमच्याकडे टोयोटाची रॅव्ह-४ प्राइम आहे आणि मंडळाच्या दिवाळीत, कुणाच्या घरी सत्यनारायणाला, फराळाची ताटली हातात असताना हा विषय निघतोच. म्हणून एकदाचं नीट लिहून ठेवते.

पुण्याच्या भावाचा एक घोळ आधी निस्तरते, कारण तो इथल्याही पुष्कळांचा असतो. त्याची इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड आहे, आणि "तुझी पण हायब्रिडच ना, मग माझ्या गाडीला प्लग कुठे आहे?" असं त्याने विचारलं होतं. हायक्रॉसची बॅटरी लहान असते, ती इंजिन आणि ब्रेक लावल्यावर परत मिळणारी ऊर्जा यांच्यावरच भरते. पूर्णपणे विजेवर ती जेमतेम थोडं अंतर जाते. प्लग-इनची बॅटरी त्याच्या कितीतरी पट मोठी असते. माझ्या गाडीत १८.१ युनिटची (म्हणजे किलोवॅट-अवर, इथे kWh लिहितात) आहे, ती भिंतीतल्या सॉकेटवरून भरायची आणि सरकारी आकड्याप्रमाणे ४२ मैल निव्वळ विजेवर जायचं. त्यानंतर गाडी मुकाट्याने साधी हायब्रिड होऊन पेट्रोलवर चालते.

आता बिल. इथल्या बिलात 'सप्लाय' (विजेची किंमत) आणि 'डिलिव्हरी' (ती घरापर्यंत पोचवायचा खर्च) असे दोन वेगळे हिस्से असतात. बहुतेक जण सप्लायसमोरचा दर वाचतात आणि वीज स्वस्त आहे असं समजून खूश होतात. तसं करू नका. एकूण रक्कम घ्या, एकूण युनिटनी भागा. १४८ डॉलर बिल आणि ७४० युनिट असतील तर तुमचा दर २० सेंट. हाच खरा आकडा.

मग गाडीच्या काचेवर चिकटवलेला स्टिकर बघा. मोठ्या अक्षरात 'एमपीजीई' (विजेचं मायलेज पेट्रोलच्या गॅलनच्या भाषेत) लिहिलेलं असतं, ते सोडून द्या, त्याने डोकं फिरतं. त्याच्याजवळच बारीक अक्षरात १०० मैलांना किती युनिट लागतात ते असतं. चार्ज करताना वाया जाणारी वीजही त्यात धरलेली असते, त्यामुळे हा आकडा हिशेबाला बरा. माझ्या गाडीचा ३६ आहे. २० सेंटने १०० मैलांचे झाले ७ डॉलर २० सेंट. याच गाडीची साधी हायब्रिड गॅलनला ४० मैल देते. पेट्रोल ३ डॉलर गॅलन धरलं तर १०० मैलांना साडेसात डॉलर. फरक ३० सेंटचा!

हा हिशेब मांडला की समोरच्याचा चेहरा पडतो. सेल्समन तुलना नेहमी जुन्या पेट्रोल गाडीशी करतो, आणि तिथे प्लग-इन देखणीच दिसते. क्रायस्लर पॅसिफिका घ्या. तिच्या प्लग-इनला १०० मैलांना ४१ युनिट, म्हणजे ८ डॉलर २० सेंट. तीच पॅसिफिका पेट्रोलवर २२ मैल गॅलनने साडेतेरा डॉलर खाते. वा! पण शेजारी टोयोटा सिएना हायब्रिड उभी केली, ३६ मैल गॅलन, तर तिचे सव्वाआठ-साडेआठ डॉलर होतात, आणि तिला रोज रात्री वायर लावायची भानगड नाही. तुमची खरी निवड प्लग-इन आणि साधी हायब्रिड यांच्यात आहे. तुमचा दर १२ सेंट असेल तर चित्र पालटतं, ३० असेल तर प्लग-इन उलट महाग पडते. पेट्रोलचा भाव बदलला की परत मांडा. पाच मिनिटांचं काम आहे.

छपरावर सोलर आहे म्हणजे वीज फुकट, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. ग्रिडला दिलेल्या युनिटचं क्रेडिट मिळतं, तेच युनिट गाडीने खाल्लं तर क्रेडिट गेलं. वर्षाअखेरीस खूप युनिट शिल्लक राहत असतील तर मात्र गोष्ट वेगळी, कारण त्या शिलकीला भाव फार कमी मिळतो. ती गाडीत घालवलेली बरी. ऑफिसच्या पार्किंगमध्ये फुकट चार्जर असेल तर हिशेबच नको, घेऊन टाका. आमचं तेच झालं, ह्यांच्या ऑफिसात आहे.

जुन्या व्हिडिओंत सांगतात ती गाडी घेताना मिळणारी साडेसात हजार डॉलरपर्यंतची फेडरल करसूट ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. ती धरून केलेले सगळे हिशेब रद्दीत टाका.

घरी प्लग नसेल तर विषय संपला. अपार्टमेंटमध्ये राहून सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर प्लग-इन घेऊ नका. तिथे युनिट घरच्यापेक्षा बरंच महाग असतं, आणि ३०-४० मैलांसाठी तासन्‌तास गाडी तिथे अडकवून ठेवायची. झटपट भरणारा डीसी फास्ट चार्जर बहुतेक प्लग-इनना जोडताच येत नाही. मित्सुबिशी आउटलँडरला जोडता येतो, पण तो चाडेमो नावाच्या वेगळ्या जातीच्या प्लगचा, आणि तसे चार्जर आता शोधत फिरावे लागतात.

गॅरेज असेल तर वेगळा चार्जर बसवायची घाई नको. साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर गाडी १२ ॲम्पिअर ओढते, म्हणजे तासाला जेमतेम दीड युनिट. माझी बॅटरी भरायला साधारण १२ तास लागतात. संध्याकाळी सातला लावली की सकाळी सातला तयार, कुणाचं काय अडतं? फक्त सॉकेट तपासा. जुन्या घरांत ते सैल झालेलं असतं, व्हॅक्यूमला चालतं, पण रात्रभर १२ ॲम्पिअरला नाही. लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगवर हात ठेवून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. आमचं प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून जाड बनावटीचं सॉकेट बसवून घेतलं. त्याच सर्किटवर गॅरेजचा फ्रीज असेल तर तोही दुसरीकडे हलवा. एक्स्टेंशन कॉर्ड तर मुळीच नको.

यानंतरची गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही: हीटर. जानेवारीत इथे आई-बाबांना गाडीत बसवलं की पहिलं वाक्य "जरा गरम कर गं". २०२२-२३ च्या ह्युंदाई टुसॉन आणि किया सोरेंटोच्या इथल्या प्लग-इन मॉडेल्समध्ये हीटर लावला की इंजिन सुरू होतं, कारण गरम हवा इंजिनाच्याच उष्णतेतून येते. म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, दूध आणायला दोन मैल चाललात, आणि पेट्रोल जळतंय. रॅव्ह-४ प्राइममध्ये हीट पंप आहे, तो विजेवर चालतो. पण उणे १० सेल्सिअसच्या खाली तिचंही इंजिन चालू होतं, आणि समोरच्या काचेचं धुकं काढायचं बटण दाबलं तरी होतं. थंडीत रेंजही घटते, ४२ चे ३० मैलांच्या आसपास होतात. रोजचं जाणं-येणं ३५ मैल असेल तर ४२ ची गाडी पुरेल असं समजू नका. हिवाळ्याचा आकडा धरा.

टर्नपाइकवर (इथला टोलचा हायवे) लागलात की गाडी हायब्रिड मोडमध्ये टाका आणि वीज गावातल्या रस्त्यांसाठी राखा. हायवेवर ताशी ७० मैलांनी बॅटरी भसाभसा उतरते. पेट्रोल जाळून बॅटरी भरायचा मोड काही गाड्यांत असतो. त्याला हात लावू नका, तो हिशेबात कुठेच बसत नाही.

वापरलेली घेणार असाल तर पॅसिफिकाकडे जरा जपून. २०१७ ते २०२१ च्या काही प्लग-इन पॅसिफिकांना उभ्या गाडीत आग लागण्याच्या धोक्यामुळे रिकॉल झाला होता, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, काम होईपर्यंत घराबाहेर ठेवा आणि चार्ज करू नका असं मालकांना कळवलं होतं. एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून ते काम झालं की नाही बघा. शिवाय बॅटरी मधल्या रांगेखाली असल्यामुळे त्या सीट जमिनीत घडी होत नाहीत. आयकियाचं फर्निचर आणणाऱ्यांनी हे आधी बघावं. टोयोटाच्या २०२० पासूनच्या हायब्रिड बॅटरीला १० वर्षं किंवा दीड लाख मैलांची वॉरंटी आहे, वापरलेलीत तीच मोठी जमेची बाजू. शेव्हरोले व्होल्ट ही प्लग-इन २०१९ ला बंद झाली, पण स्वस्तात मिळते. दुसऱ्या पिढीच्या व्होल्टच्या पडद्यावर चार्ज केल्यापासून किती युनिट खर्च झाले ते दिसतं. १८.४ युनिटच्या बॅटरीतून नवी असताना साधारण १४ वापरायला मिळत. बॅटरी संपेपर्यंत चालवून तो आकडा वाचा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

टेस्ट ड्राइव्हच्या आदल्या दिवशी डीलरला फोन करून गाडी रात्रभर चार्जला लावायला सांगा. लॉटमधल्या गाड्यांची बॅटरी बहुधा रिकामीच असते, आणि मग तुम्ही नुसती हायब्रिड चालवून परत येता. विजेवर चालवा, हीटर लावा, इंजिन जागं होतं का ते ऐका. मागच्या सीटवर स्वतः बसून बघा. डिकीचा तळ उचलून स्टेपनी आहे की नुसती हवा भरायची किट ते पाहा. आणि सही करण्याआधी चार्जिंगची केबल गाडीत आहे ना, ती बाहेर काढून हातात घेऊन बघा. वापरलेल्या गाड्यांत ती हमखास गायब असते आणि नवी घ्यायला काहीशे डॉलर मोजावे लागतात.