गावातल्या वीरगळीची, जुन्या दगडांची नोंद कशी करायची (रंग लागायच्या आधी)

आमच्या गावात मारुतीच्या पारापाशी एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, मागच्या जत्रेआधी पोरांनी श्रद्धेनंच तिला ऑइलपेंट मारला, लाल आन सिल्वर, आता खालच्या कप्प्यातला ढाल-तलवारवाला वीर ओळखूच येत नाही आणि माझ्या मोबाईलमधे तिचा एक धड फोटो नव्हता, त्याचं अजूनही वाईट वाटते. म्हणून सांगतो, जीर्णोद्धार वगैरे नंतर, आधी नोंद करा.

शोधायला वावरात जा. धुरा (बांध), जुनी विहीर, गढीची पडकी भिंत, पांढरीची म्हणजे जुन्या वस्तीची जागा. म्हाताऱ्या माणसाले "गावात जुनं काय आहे" विचारलं तं काहीच नाही म्हणतात, त्यापेक्षा "ढोरं बिमार पडली की नारळ कुठं फोडत होते" असं विचारा, बुढी माय स्वतः काठी घेऊन दाखवायला येते. आणि वावरात मोठे दगड गोल मांडलेले दिसले तं जेसीबी थांबवा, ते शिळावर्तुळ असू शकते, लोहयुगातल्या माणसांच्या दफनाची जागा. नागपूर-काटोल रोडवरच्या जुनापाणीची वर्तुळं रिवेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1879 मधेच लिहून ठेवली होती.

फोटो भर दुपारी काढू नका, कोरीव काम सपाट दिसते. सकाळचं तिरपं ऊन घ्या, नाहीतर अंधारात टॉर्च एका बाजूनं दगडाला लागून धरा, झिजलेली अक्षरं पण वर येतात. शेजारी टेप ठेवा म्हणजे माप कळते. अक्षरांत खडू, पीठ, कोळसा अजिबात भरू नका.

वीरगळ खालून वर वाचायची. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चालल्या, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत त्याची कीर्ती. बांगड्या घातलेला कोपरात वाकलेला हात दिसला तं ती सतीशिळा, सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड. वहीत गाव, तालुका, गट नंबर, उंची-रुंदी, तोंड कोणत्या दिशेला, कोणी काय सांगितलं आणि तारीख लिहा, गोष्ट त्यांच्याच शब्दात लिहा.

मग ग्रामसभेत ठराव घ्या आणि फोटोसकट एक प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर ऑफिसला द्या, पोच घ्या. केंद्राच्या संरक्षित यादीतल्या स्मारकाला 1958 चा कायदा लागतो, 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते, पण गावातल्या बहुतेक दगडांचं नाव कोणत्याच यादीत नसते, त्यांच्यासाठी तो ठरावच कामी येते.

लागलेला रंग तारेच्या ब्रशनं, ॲसिडनं खरवडू नका, जाणकार येईपर्यंत तसाच राहू द्या. फुटलेल्या जागी सिमेंट तं नकोच, आतली ओल अडकते, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात, जुने लोक चुना वापरत होते ते उगाच नाही. नांगरताना नाणी सापडली तं सोनाराकडे नेऊ नका, 1878 च्या कायद्यानं 10 रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावंच लागते.

आणि सुटी मूर्ती असली तं ग्रुपवर फोटो टाकताना गावाचं नाव, लोकेशन टाकू नका, रात्रीतून उचलून नेतात.