खताचं विमान उडवताना: टेकऑफच्या या चुका टाळा

न्यूझीलंडच्या डोंगराळ कुरणांवर १९४९ पासून विमानातून सुपर फॉस्फेट टाकलं जातं. तिथली पट्टी म्हणजे बहुतेकदा टेकडीच्या सोंडेवरची गवताळ, उतरती जागा. विमान उतरवायचं चढाकडे, उडवायचं उताराकडे, आणि पट्टी संपली की खाली दरी. दिवसभरात डझनांनी खेपा होतात आणि दर खेपेला विमान भरलेलं असतं. हे काम शिकायला निघालेल्यांसाठी मुद्दाम लिहितोय.

पहिली चूक वजनाची. लोडर यंत्र चालवणारा बकेटने हॉपर, म्हणजे विमानातली खताची टाकी, भरतो. बकेट किती भरली ते दिसतं, वजन दिसत नाही. खत ओलसर असेल किंवा त्याजागी चुना आला असेल, तर तीच बकेट जड होते. लोडरवर वजनकाटा असेल तर दर खेपेला आकडा विचारून घ्या. इंधन भरल्यावरही खेप तेवढीच ठेवली जाते, हे फार वेळा होतं. १०० लिटर विमानाचं पेट्रोल म्हणजे सुमारे ७२ किलो. तेवढं खत कमी करायला तोंडाने सांगा, लोडरवाल्याच्या ते लक्षात येईल असं धरून चालू नका.

दुसरी चूक म्हणजे छोट्या गोष्टी सुट्या सुट्या मोजणं. ब्रिटनचं नागरी विमान वाहतूक प्राधिकरण वैमानिकांना उड्डाणाला लागणाऱ्या अंतराचे ढोबळ गुणक देतं: वजन १०% वाढलं तर १.२, उड्डाणवेगाच्या १०% वारा पाठीमागून असेल तर १.२, ओलं गवत असेल तर १.३. हे गुणक एकमेकांनी गुणायचे असतात. तिन्ही एकत्र आले तर ४०० मीटरमध्ये उडणारं विमान मग सुमारे ७५० मीटर मागतं! उतार थोडी मदत करतो, पण पट्टी एकाच दिशेने वापरायची असल्याने पाठचा वारा टाळताच येत नाही. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, दर खेपेला बघा. दुपारी आणखी भर पडते: ५०० मीटर उंचीवर २८ अंश तापमान असेल, तर विमानाला हवा जवळजवळ ११०० मीटरवरच्याइतकी विरळ लागते.

आता डंप लिव्हर, म्हणजे हॉपरमधला माल एकदम खाली सोडायचा दांडा. माझ्या मते जीव वाचतो तो इथेच. खताच्या विमानाला न्यूझीलंडमध्ये नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त वजन घेऊन उडायची मुभा आहे, पण अट अशी की लिव्हर ओढल्यावर ५ सेकंदांत हॉपरमधला ८०% माल बाहेर पडला पाहिजे. दमट कोठीतली सुपर फॉस्फेटची गोणी दगडासारखी होते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. तसंच खत हॉपरमध्ये कमान धरून अडकतं. लिव्हर ओढली तरी खाली येत नाही. गड्डे दिसले तर ती खेप घेऊच नका.

लिव्हर कधी ओढायची हे धाव सुरू होण्याआधीच ठरवा. पट्टीच्या मध्यावर खूण करा. तिथपर्यंत उड्डाणवेगाच्या ७०% वेग आला नाही तर माल सोडा. ‘अजून थोडं बघू’ म्हणण्यात उरलेली पट्टी संपते. माल सुटताच विमान हलकं होऊन नाक वर उसळतं. तेव्हा स्टिक पुढे दाबून धरली नाही तर विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन खाली येतं. अनोळखी पट्टीवर दिवसाची पहिली खेप अर्धीच घ्या आणि चाकं नेमकी कुठे सुटली ते बघून ठेवा.