आयसीयूत काय ऐकायचं, काय सोडायचं

नवीन नर्स मुलींचं पहिले आठ दिवस डोकं भणभणतं. सगळीकडे टीं-टीं. मी १७ वर्षं आयसीयूत आहे, म्हणून सांगते.

ड्युटी घेतानाच मॉनिटरच्या अलार्म लिमिट बघ, म्हणजे कोणत्या आकड्याच्या वर-खाली गेलं की तो वाजेल ते. मागच्या पेशंटच्या तशाच राहिल्या असतील तर मशीन उगाच ओरडत बसतं. बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच. छातीवरचे इलेक्ट्रोड, म्हणजे हृदयाचे ठोके टिपणाऱ्या चिकट चकत्या, सुकले असतील तर त्वचा पुसून नवे लाव. बराच गोंगाट तिथेच थांबतो.

मॉनिटरने रक्तातला ऑक्सिजन ८२ टक्के दाखवला? आधी पेशंटकडे बघ, ओठ, श्वास. मग स्क्रीनवरची नाडीची लाट. पेशंट ठीक, लाट तुटक, बोट गार असेल तर प्रोब, म्हणजे बोटाचा चिमटा, दुसऱ्या बोटाला. लाट नीट असूनही आकडा कमी, तर लगेच हाक मार.

व्हेंटिलेटरचा आवाज कधीच सोडू नकोस. एका नाइटला मला तो नेहमीचाच वाटला होता; नळी कनेक्टरपाशी सुटली होती. पेशंट वाचले, पण ती रात्र अजून आठवते.

सोडायचं ते ट्रॉलीचा खडखडाट, फोन, शेजारच्या बेडपाशी चाललेल्या गप्पा. औषध भरताना नातेवाइकांनाही सांग, "काका, दोन मिनिटं थांबा." लाल, म्हणजे सगळ्यात तातडीचा, अलार्म किंवा व्हेंटिलेटर वाजला तरच मान वर; एरवी सिरिंजवर लेबल लागेपर्यंत करायची नाही.